ठिपके समोरासमोर

सासऱ्यांची गाडी पुन्हा चालू करायची हे मीच ठरवलं. लोकांना वाटलं, सून किती करते सासऱ्यासाठी. मी कुणाची समजूत दुरुस्त करत बसले नाही. मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणायची) दिवसातून तासभर तरी एका जागी बसावेत, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप होता.

मामांनी तीस वर्षं पांढरी अँबॅसॅडर चालवली. रेल्वे स्टेशनबाहेरच्या स्टँडवरून गिऱ्हाईक घ्यायचं, वेरूळ, दौलताबाद, अजिंठा दाखवायचा आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं. मूळचे सोयगावकडचे. शेती भावांच्या हाती देऊन शहरात आले. इंग्रजी जेमतेम, पण परदेशी बायका त्यांच्या गाडीत निर्धास्त झोपून जायच्या, हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे.

सासूबाई गेल्या आणि मामा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग कुठलं साल चाललंय ते. एक गोष्ट मात्र ते विसरले नाहीत. सकाळी अंघोळ करून पांढरा शर्ट घालायचा आणि स्टँडवर जायचं. गाडी चार वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, इंजिन जाम झालेलं. त्यामुळं मामा पायीच निघायचे. एकदा तर स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांशी भांडले. "माझा नंबर हाय, मला सोडून भाडं कसं घेता?" ओळखीच्या एका रिक्षावाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं आणि मला म्हणाला, "वहिनी, जरा लक्ष ठेवा."

लक्ष कुणी ठेवायचं? मी चितेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मशीनवरून उतरलेले शाफ्ट मोजायचे, बसेल तो ठेवायचा, न बसेल तो लाल पेटीत टाकायचा. नवरा वाळूजच्या कारखान्यात. मामांजवळ कुणीतरी असावं म्हणून आम्ही पाळ्या उलटसुलट लावून घेतल्या होत्या. आमची गाठ दारात पडायची. तो चपला काढायचा तेव्हा मी घालायची.

"जेवले का?"

"जेवले."

"गोळी?"

"दिली."

एवढंच बोलणं व्हायचं. दोन वर्षं असंच चाललं होतं. आमच्या दोघांच्याही चेहऱ्यावर तेव्हा सारखंच काहीतरी दिसायचं, शेजारणी त्याला 'आजारी दिसता' म्हणायच्या.

एका रविवारी ताडपत्रीखाली उंदरांनी काही केलंय का, ते बघायला मी गाडी उघडली. मामा येऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले. अर्धा तास बसले. आरसा पुसला, स्टिअरिंगवर हात ठेवला, कुठं जायचं म्हणून उठले नाहीत. मग त्यांनी स्टार्टर ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. चेहरा उतरला आणि ते फाटक उघडून सरळ स्टेशनच्या दिशेनं चालू लागले. त्यांच्यामागं धावताना माझ्या डोक्यात आलं, ही चालू झाली असती तर हे आत बसून राहिले असते.

नवरा म्हणाला, "भंगारात घाल ती. तुला एवढी कामं कमी आहेत का?"

त्याचं बरोबर होतं. तरी मी उस्तादांकडं गेले.

उस्ताद म्हणजे मामांच्या गाडीला ज्यांच्याशिवाय कुणी हात लावला नाही ते मिस्त्री. धान्यबाजाराच्या, मोंढ्याच्या मागं त्यांचं गॅरेज होतं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, एक नीट झालं नाही, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. मामांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती. मामांच्या आजारावर मात्र त्यांचा विश्वासच नव्हता. "भूलता कौन नहीं, बेटी? मैं भी भूलता," म्हणायचे. मी गाडीचं काढताच त्यांनी टोपी घातली आणि माझ्याबरोबर निघाले.

त्या हिवाळ्यातले सगळे रविवार त्या इंजिनानं खाल्ले. इंजिन चेनपुलीनं वर काढून पत्र्याच्या शेडखाली दोन जुन्या टायरांवर ठेवलं. उस्ताद हातानं चाचपून सांगायचे, मी खोलायची. सिलिंडर कातून आणले, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, टायमिंगची नवी साखळी आणि तिच्या दोन गराऱ्या, म्हणजे दातेरी चाकं. मामा कधी शेजारी बसायचे, कधी आतबाहेर करायचे. मी एक डोळा त्यांच्यावर ठेवून दुसऱ्यानं नट मोजायची.

ज्यांनी इंजिन उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली क्रँक फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. बाजूला कॅम शाफ्ट असतो. त्याच्या अंगावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात, आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा हे ते उंचवटे ठरवतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. दोघांना साखळीनं जोडलेलं असतं. ती बसवताना दोन्ही गराऱ्यांवरचे ठिपके एकमेकांसमोर यायला लागतात. एक दात इकडंतिकडं झाला तरी इंजिन चालतं, पण नुसतं चालतं. चढ आला की दम सोडतं.

साखळी बसवायच्या दिवशी मी सोळा तास काम करून आले होते. पुढच्या पाळीची बाई आलीच नव्हती, म्हणून दोन पाळ्या लागोपाठ केल्या. घरी येऊन चहा घेतला तोवर उस्ताद दारात. त्यांनी गराऱ्या साखळीत अडकवून जागेवर सरकवल्या आणि म्हणाले, "देख बेटी, ठिपके आमने-सामने आये क्या? मेरे को नहीं दिखता."

मी वाकले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. एक ठिपका दिसला. दुसऱ्यावर तेल होतं, ते मी बोटानं पुसलं, की पुसल्यासारखं केलं, आजही सांगता येत नाही.

"हो उस्ताद, समोरासमोर आहेत."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी बोल्ट आवळले, वॉशरचा कान वाकवून बसवला, वरून झाकण लावलं.

पुढच्या पंधरवड्यात इंजिन गाडीत बसलं. चालू करायच्या दिवशी शेजारपाजारचे पाचसात जण कुंपणाशी आले. नवऱ्यानं स्टार्टर ओढला. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा चालू झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी बॉनेटवर हात टेकून डोळे मिटले, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

मामा पुढं आले. मान तिरकी करून ऐकत राहिले. गाडी नुसत्या कानानं ओळखणारा माणूस अशी स्टँडवर त्यांची ख्याती होती. दुसऱ्याच्या गाडीचं बेअरिंग जाणार, हे ते चालत्या गाडीतून सांगायचे.

"नाय," मामा म्हणाले. "हे बरोबर नाय. दम नाय हिच्यात. कॅम मागं हाय."

नवरा म्हणाला, "बाबा, चांगली चालतेय की."

"एक दात मागं हाय. मी सांगतो ना."

उस्तादांचा चेहरा उतरला. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. कुंपणाजवळची माणसं पांगली. मग ते मला हळूच म्हणाले, "बेटी, इसका कान कभी झूठ नहीं बोल्या. तीस साल में एक बार नहीं."

त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ठिपके पाहिले होते मी, आणि पक्कं म्हणाले होते मी.

तो आठवडा मला जड गेला. कारखान्यात मी शाफ्ट हातात घ्यायची, काटा केसभर सरकला तरी लाल पेटीत टाकायची. एका पोरानं आठवडाभर घासून केलेलं काम मी एका नजरेत नापास करायची. आणि घरी एका म्हाताऱ्या माणसानं मला त्याचे डोळे समजून विचारलं, तर मी झोपेत हो म्हणाले. गुरुवारी चहाच्या सुट्टीत मी साहेबांकडं बारीकशी हालचालही मोजणारं डायल गेज मागितलं. घरच्या कामासाठी, रविवारपुरतं. त्यांनी चिठ्ठीवर सही घेतली आणि दिलं.

उस्तादांचं म्हणणं, पुढचं झाकण काढून ठिपके पुन्हा बघू, झालं. मला ते पुरेसं वाटेना. गराऱ्या बाजारातल्या. ठिपकाच भलत्या दातावर मारलेला असला तर? मी म्हटलं, मोजूनच बघू. त्यासाठी हेडही, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकणही, उतरवावं लागणार होतं, म्हणजे जवळजवळ अर्धं काम परत. उस्तादांनी इंजिनावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "खोल."

त्या आठवड्यात कामावरून आल्यावर दोन संध्याकाळी मी जाड पुठ्ठ्यावर मोठं वर्तुळ आखून त्यावर तीनशे साठ अंशांच्या रेघा मारल्या. पोळ्या तव्यावर आणि मधेमधे रेघा. नवरा म्हणाला, "तू वेडी झालीस." पण कात्री त्यानंच आणून दिली.

रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. रेडिएटर, पुली, झाकण, हेड. पुठ्ठ्याची चकती क्रँकच्या टोकाला बसवली आणि सायकलची एक तार वाकवून तिचं टोक रेघांवर टेकेल असा काटा केला. मग पहिला पिस्टन टॉपला आणायचा. वरून हे सोपं वाटतं. पण अगदी वर पोचल्यावर पिस्टन क्षणभर हलत नाही, क्रँक मात्र फिरत असतो. त्यामुळं नक्की वर कुठला अंश, हे नुसतं बघून कळत नाही. पिस्टनच्या डोक्यावर गेज लावायचं, वर यायच्या आधी काटा एका आकड्यावर आला की अंश लिहायचा, वरून खाली जाताना काटा त्याच आकड्यावर आला की पुन्हा लिहायचा, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. पाना नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा. चुकून पुढं गेलं तर पुरतं मागं जाऊन पुन्हा यायचं, नाहीतर साखळीची ढील फसवते.

मध्य सापडला. मग पहिल्या सिलिंडरची पुशरॉड, म्हणजे कॅमचा उंचवटा वर ढकलतो ती दांडी, तिच्या जागी उभी करून तिच्या डोक्यावर गेज लावलं. आता कॅमचा उंचवटा मोजायचा, त्याच पद्धतीनं. पहिला आकडा लिहिला आणि नळाला पाणी आलं.

आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी यायचं. आज सोडलं तर पाच दिवस कोरडे. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. उस्तादांना म्हटलं, "बघा जरा," आणि मी ड्रम, बादल्या, हंडे भरायला धावले. पाऊण तासानं ओल्या साडीनं परत आले तर मामा गाडीपाशी उभे. तारेचा काटा त्यांनी सरळ करून ठेवला होता.

"वाकडी झाली व्हती," ते म्हणाले.

उस्ताद खुर्चीवर बसल्याबसल्या डुलक्या घेत होते.

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सकाळपासून मरतेय, कुणासाठी मरतेय, हात बांधून ठेवू का तुमचे, असं काहीतरी. मामा दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. गिऱ्हाइकासमोर उभं राहायची त्यांची तशीच सवय होती. मग मी खाली बसले. तार पुन्हा वाकवली. पिस्टनपासून सगळं पुन्हा मोजलं.

उस्तादांकडं त्या इंजिनाचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक होतं. व्हॉल्व्ह उघडायचे आणि मिटायचे अंश त्यातून काढून, उंचवट्याचा मध्य कुठं यायला हवा ते मी आधीच लिहून ठेवलं होतं. दुपारी दोन वाजता माझा आकडा निघाला. पुस्तकातल्या आकड्याशी जुळत होता. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा तोच. मग चिंधीनं गराऱ्या स्वच्छ पुसल्या आणि बॅटरी मारून बघितलं. दोन ठिपके समोरासमोर, कुठंही तिरके नाहीत.

मी झोपेत पाहिलं होतं, पण बरोबर पाहिलं होतं.

आनंद व्हायला हवा होता. मला आधी आला तो राग. सगळा रविवार गेला, हेडचं गॅस्केट वाया गेलं, पाठ मोडली, आणि मुळात काही चुकलेलंच नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "कॅम बरोबर आहे. एक दातसुद्धा मागं नाही. तुम्ही चुकलात."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग उघड्या इंजिनाकडं.

"कोन म्हणलं मागं हाय म्हणून?"

"तुम्हीच म्हणालात. मागच्या रविवारी."

"मी?" ते हसले. "मी कशाला म्हणंल? ही गाडी कुनाची हाय?"

उस्ताद खुर्चीवरून उठले. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. आकडे त्यांना दिसत नव्हते, तरी तो डोळ्यांजवळ धरला.

"पक्का, बेटी?"

"दोनदा मोजलं, उस्ताद."

ते परत बसले. समोर पसरलेले पाने आणि नट हातानं चाचपले. मग म्हणाले, "कान भी गया इसका." आणि मनगटानं डोळे पुसले. ऑपरेशनचा डोळा तसाही पाझरायचा, पण त्या दिवशी दोन्ही पुसले. किल्ल्या, नावं, साल हे सगळं त्यांनी दोन वर्षं हसण्यावारी नेलं होतं. मामांच्या शब्दाखातर त्यांनी स्वतःच्या हातचं काम चुकीचं मानलं होतं. मामांचा कान तेवढा एक उरलाय असं त्यांना वाटत होतं, आणि तोही मी पुठ्ठ्याची चकती लावून खोटा ठरवला.

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी आत जाऊन तिघांसाठी चहा टाकला. मामांनी बशीत ओतून प्यायला आणि उस्तादांना विचारलं, "मिस्त्री, कधीपर्यंत होईल काम?"

"हो जायेगा," उस्ताद म्हणाले. मामा त्यांना कायम 'यार' म्हणायचे. मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले.

पुढच्या रविवारी नवं गॅस्केट आणून सगळं परत जोडलं. सारख्याच जोरानं आवळायचे ते हेडचे बोल्ट मीच आवळले. उस्ताद फक्त क्रम सांगत होते. गाडी चालू झाली. मामांना कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर एकदा नवऱ्याची आणि माझी सुट्टी एकाच दिवशी आली. गाडी दौलताबादच्या पुढं घाटापर्यंत नेऊन बघायचं ठरलं. उस्ताद पुढं बसले. मामांनी स्वतःच मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी, खिडकीपाशी, ऐटीत बसले. त्या गाडीत ते मागं बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

वाटेतलं शरणापूर गेल्यावर त्यांनी पुढं वाकून नवऱ्याला विचारलं, "ड्रायव्हर, किती वर्सं झाली गाडी चालवताय?"

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. तरुणपणी त्यानं किती मागितली तरी मामांनी ही गाडी त्याच्या हातात दिली नव्हती.

"झाली की. पंधरावीस," तो म्हणाला.

"हात चांगला हाय तुमचा. गाडी बी लई चांगली ठेवली."

नवऱ्यानं गिअर बदलला. उत्तर उस्तादांनी दिलं. मागं न वळता म्हणाले, "मेहेरबानी, साब."

गाडी घाट चढली. कुठंही अडखळली नाही. वर चहाच्या टपरीशी थांबलो तेव्हा मामा मागच्या सीटवर मान टाकून झोपले होते. उस्ताद गाडीतच बसून राहिले. मी आणि नवरा बाकावर चहाचे ग्लास धरून बसलो. दिवसाउजेडी, दोघंही जागे, दोघंही घरचे कपडे घालून, असं किती महिन्यांनी बसलो होतो ते आठवेना. 

"थकलीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मी पण."

गाडीनं माझं काम मात्र केलं नाही. त्या फेरीनंतर मामा ड्रायव्हरच्या जागेवर कधी बसलेच नाहीत. सकाळी शर्ट घालून मागं बसायचे, पाच मिनिटं वाट बघायचे आणि ड्रायव्हर कुठं गेला म्हणून त्याला शोधायला स्टेशनकडं निघायचे. शेवटी आम्ही फाटकाला कुलूप लावलं. जे मला सुरुवातीपासून करायचं नव्हतं तेच.

उस्ताद पुढंही येत राहिले. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी गाडी थोडा वेळ चालू ठेवायचे आणि दार उघडून मामांना आत बसवायचे. "चलो साब," म्हणायचे. मी त्या वेळात आत जाऊन आडवी व्हायची. झोप लागायची नाही, पण बाहेर इंजिनाचा आवाज चालू असला की दोघं तिथंच आहेत हे कळायचं.

दीड वर्षानं मामा गेले. नंतर गाडी अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या एका लॉजवाल्यानं नेली. त्याला ती लॉजच्या दारात उभी करायची होती. नेली त्या दिवशी माझी पहिली पाळी होती, किल्ली नवऱ्यानंच दिली. संध्याकाळी घरी आले तर अंगण मोकळं. दुसऱ्या दिवशी मी तिथं कपडे वाळत घालायला दोरी बांधली.